उरलेली लोकर, आईचा अंगठा आणि माझी चुकलेली तपासणी

गेल्या आठवड्यात ओपीडीत एक मावशी आल्या होत्या. वय साठच्या पुढे. बीपीच्या गोळ्या लिहून झाल्या, कागद हातात दिला, तरी त्या उठेनात. मग पिशवीतून अर्धवट विणलेलं एक तोरण काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, एवढं सांगा. हे करू का नको? सून म्हणते, हात दुखतो तर बंद करा. घरात उरलेल्या लोकरीची गाठोडी पडलीत, ती टाकवत नाहीत."

पंधरा वर्षांपूर्वी मी त्यांना काय सांगितलं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. "वय झालंय मावशी, आता इतकं बारीक काम कशाला?" असं म्हणून मी पुढच्या पेशंटला हाक मारली असती. त्या दिवशी मात्र मी त्यांचे दोन्ही तळहात उताणे करून टेबलावर ठेवले आणि चार प्रश्न विचारले. ते प्रश्न मी कोणत्याही पुस्तकातून शिकले नाही. ते मला माझ्याच घरातल्या एका पिशवीनं शिकवले. आजचा लेख त्या पिशवीबद्दल, हातांच्या दुखण्याबद्दल आणि हो, उरलेल्या लोकरीचं काय करायचं याबद्दलही आहे. तुमच्या घरीही अशी पिशवी असणार, याची मला जवळजवळ खात्री आहे.

आईची पिशवी

माझी आई क्रोशाकाम करायची. तिच्या पिढीतल्या पुष्कळ बायका करायच्या, पण तिचा हात फार साफ होता. नात्यातल्या प्रत्येक मुलीच्या रुखवतात तिचे ताटावरचे रुमाल असायचे. चाळीस नंबरच्या बारीक दोऱ्याचे, अननसाच्या नक्षीचे. घरात दाराला तोरण, टीव्हीवर झाकण, पाण्याच्या तांब्यावर जाळी. लोकरीचं काम थंडीपुरतं. कुणाचं बाळंतपण आलं की टोपडं, मोजे आणि शाल.

प्रत्येक काम संपलं की थोडा गुंडा उरायचाच. दुकानात लोकर मोजून थोडीच मिळते? तीन गुंड्यांत स्वेटर पुरा होत नाही म्हणून चौथा आणायचा आणि त्यातला अर्धा उरायचा. आईचा नियम असा, की वीतभर धागा असला तरी टाकायचा नाही. हे सगळं एका जुन्या कापडी पिशवीत जायचं. वर्षातून एकदा पिशवी रिकामी व्हायची, कारण त्या उरलेल्यांतूनच ती पायपुसणी, आसनं आणि ठिगळाठिगळांची रंगीत पांघरुणं करायची. आमच्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी होते ना, तसाच हा हिशेब.

साधारण 2012 नंतर पिशवी रिकामी होईनाशी झाली. ती फुगत गेली. आधी त्यात उरलेले गुंडे असायचे. मग अर्धवट सोडलेली कामं दिसू लागली. निम्मा रुमाल, एकाच पायाचा मोजा, सुई तशीच अडकवलेली साखळी. मी रोज त्या पिशवीशेजारून जात होते. तेव्हा मला एमडी होऊन बरीच वर्षं झाली होती.

मला दिसलं, पण मी पाहिलं नाही

आई रात्री उठायची. मी कधी उशिरा इमर्जन्सीहून आले, तर ती स्वयंपाकघरात उभी राहून उजवा हात झटकत असायची. "काय गं?" विचारलं तर म्हणायची, "काही नाही, मुंग्या आल्यात. हात अंगाखाली आला असेल." कधी नळाखाली हात धरायची. मी तिला बी-बारा आणि कॅल्शियमच्या गोळ्या आणून दिल्या आणि झोपायला गेले. हात कुठे दुखतो, कोणत्या बोटांना मुंग्या येतात, हे मी विचारलं नाही.

चहाचा कप हातातून सुटू लागला. आम्ही म्हणालो, "लक्ष कुठे असतं तुझं?" एप्रिलच्या उन्हातही ती अंगात स्वेटर घालून बसायची. आम्ही हसलो. तिचा आवाज थोडा घोगरा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, दुपारची झोप दोन-दोन तासांवर गेली होती, पोट साफ होत नव्हतं. सगळ्याला माझ्याकडे एकच उत्तर होतं, वय. ब्लाऊजचे हुक लावायला ती घरकामाच्या बाईंना हाक मारते, हे तर मला फार उशिरा कळलं. मला तिनं कधी सांगितलं नाही.

2016 साली भाचीच्या लग्नात रुखवत मांडताना माझी एक ऑर्थोपेडिक मैत्रीण आईशेजारी उभी होती. आई रुमालाची घडी उलगडत होती. मैत्रिणीनं तिचा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी बोट टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं. तळहाताला अंगठ्याच्या बाजूला जो मांसल उंचवटा असतो, तो उजव्या हाताला जवळजवळ सपाट झाला होता. तिथे खळगा पडला होता. मंडपातल्या उजेडात तो मला लख्ख दिसला. तो काही त्या दिवशी पडला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तपासण्या झाल्या. उजव्या मनगटात नस गंभीररीत्या दाबली गेली होती. आणि टीएसएच 48 होतं. साधारण चार-साडेचारपर्यंत असायला हवं ते. म्हणजे आईला थायरॉईडचा आजार होता, बहुधा काही वर्षांपासून. फिजिशियन मुलीच्या घरात, औषधाविना.

रिपोर्ट हातात घेऊन मी तिच्यासमोर बसले तेव्हा काय बोलावं ते सुचेना. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले. ती रागावली नाही. सहज बोलावं तसं म्हणाली, "तुझ्या दवाखान्यात नंबर लावून आले असते, तर बरं झालं असतं."

हे वाक्य मी विसरलेले नाही. तुमच्याही घरात कुणी डॉक्टर, नर्स किंवा औषधांच्या दुकानात काम करणारं माणूस असेल, तर हे लक्षात ठेवा. घरच्या माणसाचं दुखणं जाता-येता ऐकू नका. त्यालाही नंबर द्या, खुर्चीत बसवा आणि रीतसर विचारा.

मनगटात नेमकं होतं काय?

तुमच्या तळहाताच्या मुळाशी, मनगटात, एक अरुंद बोगदा असतो. खालून आणि बाजूंनी मनगटाची हाडं, वरून एक जाड पट्टा. या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या म्हणजे स्नायुबंध आणि एक नस जाते. तिचं नाव मीडियन नर्व्ह. बोगद्यात कुठल्याही कारणानं सूज आली की हाड हलत नाही, पट्टा ताणत नाही, दबते ती बिचारी नस. यालाच आम्ही कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतो.

ही नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, इथल्या संवेदना वाहून नेते. करंगळी तिच्याकडे नाही. म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, "मुंग्या करंगळीला येतात का?" करंगळी सोडून बाकीच्या बोटांना येत असतील, तर संशय मनगटावर.

दुसरा प्रश्न, "रात्री झोपेतून उठवतात का, आणि हात झटकल्यावर बरं वाटतं का?" झोपेत आपलं मनगट नकळत मुडपलं जातं आणि बोगदा आणखी अरुंद होतो. रात्री उठून हात झटकणं ही या आजाराची फार मोठी खूण आहे. माझ्या आईनं ती मला कितीतरी रात्री दाखवली होती.

तिसरा प्रश्न, "वस्तू हातातून सुटतात का? हुक, बटण, सुईत दोरा ओवणं जड जातं का?" याचा अर्थ नसेच्या ताब्यातले अंगठ्याचे स्नायू दुबळे होऊ लागले आहेत.

चौथा प्रश्न हाताबद्दल नसतोच. "थंडी जास्त वाजते का? वजन वाढलं, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी झाली, सुस्ती येते, आवाज बदलला, असं काही?" कारण मनगटातली ही सूज पुष्कळदा शरीरातल्या दुसऱ्याच आजाराची पाटी असते. थायरॉईडची कमतरता, मधुमेह, संधिवात, गरोदरपण, लठ्ठपणा, या सगळ्यांत नस दाबली जाऊ शकते. म्हणून अशा रुग्णांची साखर आणि टीएसएच मी तपासून घेते.

आजार लवकर कळला तर उपाय सोपे आहेत. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा काही आठवडे बांधायचा. मूळ आजारावर औषध घ्यायचं. गरज पडली तर मनगटात एक इंजेक्शन. थायरॉईडमुळे झालेली सौम्य तक्रार पुष्कळदा थायरॉईडच्या गोळीनंच कमी होते. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी पाण्याबरोबर घ्यायची असते. वयस्कर माणसांत, विशेषतः हृदयविकार असेल तर, ती कमी डोसपासून सुरू करतात. स्वतःहून वाढवू नका, बंदही करू नका.

उशीर झाला असेल, स्नायू झिजू लागले असतील, तर छोटी शस्त्रक्रिया करून तो पट्टा मोकळा करावा लागतो. फक्त हात बधिर करून, थोड्या वेळात होते. आईची झाली. आठवडाभरात तिचं रात्रीचं उठणं थांबलं. काही महिन्यांत थायरॉईड आटोक्यात आला, चेहऱ्यावरची सूज उतरली, एप्रिलमधला स्वेटर सुटला. पण अंगठ्याच्या मुळाशी पडलेला खळगा भरून आला नाही. फार दिवस दबलेल्या नसेचे झिजलेले स्नायू बऱ्याचदा परत येत नाहीत. चाळीस नंबरचा दोरा तिच्या बोटांत पुन्हा आला नाही.

मग ती पिशवी

एक दिवस आईनं पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "हे कुणाला तरी देऊन टाक." मी ती दिली नाही. मी म्हणाले, "मला शिकव."

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी क्रोशे शिकू लागले. आई खुर्चीत, मी खाली सतरंजीवर. "सुई अशी नाही, पेनासारखी धर. धागा इतका आवळू नकोस, गळा दाबतेस का त्याचा?" साखळी, मुका खांब, खांब, हे शिकायला मला तीन महिने लागले. रंग निवडायचं काम तिचं. त्या उरलेल्या लोकरीतून आम्ही दोघींनी मिळून गुडघ्यांवर घ्यायचं एक पांघरूण केलं. त्यात जे शिकले, ते तुमच्यासाठी नीट लिहिते.

पहिलं काम, वजन. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्या. आमची पिशवी भरली 1,150 ग्रॅम. त्यातली सुमारे 300 ग्रॅम सुती दोऱ्याची गुंडाळी होती. काही लोकर कसरीनं खाल्लेली किंवा ओढताच तुटणारी होती, ती काढून टाकली. वापरता येईल अशी लोकर राहिली साधारण 620 ग्रॅम. अंदाजापेक्षा कमीच असते हो, पण काट्यावर ठेवल्याशिवाय कामाचा आकार ठरत नाही.

दुसरं, धागा कशाचा आहे ते ओळखणं. गुंड्यावरची चिठ्ठी कधीच हरवलेली असते. बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत किंवा सिंकवर जाळून पाहा, मुलं आणि ओढणी लांब ठेवून. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते आणि तिची राख बोटानं चुरडते. सूत कागदासारखं जळतं. ॲक्रिलिक वितळतं आणि कडक काळा मणी उरतो. आपण दुकानातून "लोकर" म्हणून आणतो त्यातली पुष्कळशी ॲक्रिलिकच असते. त्यात वाईट काही नाही. धुवायला सोपी, स्वस्त, अंगाला खाजत नाही. पण कशासाठी वापरायची, हे पुढे सांगते.

तिसरं, जाडीनुसार गट. जाड-बारीक एकत्र विणलं की चौकोन वाकडे होतात. दोन बारीक धागे एकत्र धरले की एका मध्यम धाग्याचं काम होतं.

चौथं, चौकोन. चार साखळ्या घालून त्यांचं कडं करा. तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब. त्याच कड्यात आणखी दोन खांब, मग दोन साखळ्या, मग तीन खांब, दोन साखळ्या, असे तीन-तीन खांबांचे चार गट. झाली पहिली ओळ. दुसऱ्या ओळीत प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, पुन्हा तीन खांब. तिसऱ्या ओळीत कोपरे तसेच आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या फटीत तीन खांबांचा एक गट. चौथ्या ओळीत बाजूला दोन गट येतात.

आता यातली गंमत पाहा. पहिल्या ओळीत गट चार, दुसरीत आठ, तिसरीत बारा, चौथीत सोळा. म्हणजे मधल्या ओळीला सगळ्यांत कमी धागा लागतो. मध्यम लोकर आणि चार मिलिमीटरची सुई घेतली, तर माझ्या हातानं दहा सेंटिमीटरचा चौकोन साधारण नऊ ग्रॅममध्ये होतो आणि त्याच्या पहिल्या ओळीला एक ग्रॅमही पुरतो. म्हणून सगळ्यांत छोटा तुकडा मध्यभागी, त्याहून मोठा दुसऱ्या ओळीत, तीन ग्रॅमचा गुंडा तिसरीत. आईची "वीतभर" लोकर मात्र एका गटालाही कशीबशी पुरते, हे मी तिला सिद्ध करून दाखवलं. तिनं ऐकलं नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शेवटची ओळ सगळ्या चौकोनांना एकाच रंगाची. पिशवीत भडक गुलाबी, शेवाळी, शाळेच्या स्वेटरचा निळा, कुणाच्या तरी बाळंतविड्यातला पिवळा असं काहीही असू द्या, भोवती एक रंग आला की सगळे एका घरचे दिसतात. आम्ही मोतिया रंगाची 450 ग्रॅम लोकर नवी आणली. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला बारा, असे 108 चौकोन. म्हणजे पांघरूण सुमारे 90 सेंटिमीटर बाय 120 सेंटिमीटर.

आणि टोकं! एका चौकोनात चार रंग म्हणजे आठ टोकं. 108 चौकोनांची 864. ती शेवटी सुईनं लपवायची ठेवलीत, तर काम तिथेच मरतं. नवा रंग जोडताना जुनं आणि नवं, दोन्ही टोकं टाक्यांखाली धरून त्यांच्यावरूनच विणत चला. निदान बोटभर तरी. म्हणजे धुतल्यावर सुटत नाहीत.

कशातून काय करावं, आणि काय करू नये

इथे मी पुन्हा डॉक्टर होते.

ॲक्रिलिक लोकरीची गरम भांडी धरायची फडकी किंवा तव्याखालची आसनं करू नका. ती उष्णतेनं वितळते आणि वितळलेला धागा कातडीला चिकटून खोल भाजतं. त्यासाठी फक्त सुती दोरा, तोही दुहेरी. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. चिकटलेलं कापड ओढून काढू नका. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका आणि दवाखाना गाठा.

बाळाच्या टोपीसाठी मऊ, धुतलेला, न खाजणारा धागा घ्या. कमी वजनाच्या बाळाच्या डोक्यावाटे बरीच उष्णता निघून जाते, म्हणून त्यांना आईच्या छातीशी धरून कांगारू पद्धतीनं सांभाळतानाही टोपी घालतात. घरात उबदार झोपलेल्या मोठ्या बाळाला मात्र झोपेत टोपी नको. हातमोजे-पायमोजे उलटे करून आत पाहा. सुटलेला धागा बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तुटू शकतो. बाळ कारण नसताना रडत असेल, तर मोजे काढून सगळी बोटं बघा, ही सवय प्रत्येक आजीनं लावून घ्यावी. टोपीला लांब बंद, मणी, गोंडे लावू नका.

डांबरगोळ्यांत ठेवलेली लोकर तान्ह्या बाळासाठी वापरूच नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मतः कमतरता असते. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ धोकादायक पातळीवर जाऊ शकते. त्या लोकरीचं काहीतरी मोठ्यांसाठी करा, तेही धुऊन, उन्हात वाळवून.

पायपुसणी छान होतात, पण वयस्कर माणसं असलेल्या घरात सैल पायपुसणं म्हणजे खुब्याचं हाड मोडायला आमंत्रण. खाली न घसरणारं रबरी जाळं लावा, नाहीतर त्याचं खुर्चीवरचं आसन करा.

दमा किंवा ॲलर्जी असेल, तर माळ्यावरची जुनी पिशवी स्वतः झटकू नका. तोंडाला मास्क लावून, मोकळ्या हवेत, आणि शक्यतो दुसऱ्या कुणाकडून.

मऊ सुती दोरा बराच उरला असेल तर आणखी एक गोष्ट सांगते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर ब्लाऊजच्या आत घालायला हलके, धुता येणारे विणलेले स्तन करून मोफत देणारे स्वयंसेवी गट आहेत. धागा कोणता चालतो हे त्यांना विचारूनच विणा, कारण जखमेच्या नव्या कातडीला खरखरीत धागा सोसत नाही.

हातांसाठी थोडे नियम

एका बैठकीत वीस-पंचवीस मिनिटं, मग पाच मिनिटं थांबा. बोटं पूर्ण उघडा-मिटा, मनगट सावकाश फिरवा. घड्याळाचा गजर लावा, कारण "ही ओळ संपवते आणि उठते" यावर माझा आता विश्वास नाही. कोपराखाली उशी घ्या, म्हणजे खांद्यावर भार येत नाही. काम मांडीत ठेवून मान वाकवू नका, उशीवर उचलून ठेवा. सुईची दांडी फार बारीक असेल, तर तिच्यावर पेनाची रबरी पकड चढवा किंवा कापडाची पट्टी गुंडाळा. उजेड खांद्यामागून येऊ द्या आणि चाळिशीनंतर जवळचा चष्मा तपासून घ्या. डोळे ताणून विणलं की डोकं दुखतं आणि दोष बीपीला जातो.

दुखण्याची जागाही काही सांगते. अंगठ्याच्या मुळाशी, बरणीचं झाकण उघडताना दुखत असेल, तर तिथल्या सांध्याची झीज असू शकते. अंगठ्याच्या बाजूनं मनगटावर, मूल उचलताना कळ येत असेल, तर स्नायुबंधाची सूज. बोट वाकून अडकतं आणि टक्कन सुटतं, तो आणखी वेगळा त्रास. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका.

मुंग्या दोन्ही पायांना येत असतील, बधिरपणा वाढत असेल, अंगठ्याखाली खळगा दिसत असेल किंवा सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडत असतील, तर येत्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पण एका बाजूचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो मेंदूचा झटका समजा आणि त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

मला कुणी विचारतं, "क्रोशे केल्यानं मन शांत होतं का?" मला होतं. दिवसभराच्या ओपीडीनंतर दोन चौकोन झाले की झोप बरी लागते. पण हे औषध नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर लोकरीवर भागवू नका, डॉक्टरांशी बोला. आणि विणकाम करणाऱ्या माणसानं अचानक विणणं सोडलं असेल, तर कारण विचारा. हात असेल, डोळे असतील, मन असेल. "वय" हे कारण सगळ्यांत शेवटी.

त्या तोरणवाल्या मावशींची करंगळी ठणठणीत होती, बाकीच्या बोटांना मुंग्या होत्या, रात्री हात झटकावा लागत होता. अंगठ्याचा उंचवटा अजून भरलेला होता. साखर आणि टीएसएच सांगितलं आहे, रात्रीचा पट्टा दिला आहे. तोरण बंद करू नका, वीस मिनिटांचा गजर लावा, असंही लिहून दिलं. औषधाच्या कागदावर "तोरण" हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला असेन.

आई आता ऐंशीची आहे. पांघरूण तिच्या गुडघ्यांवर असतं. जाड लोकर आणि सहा मिलिमीटरची सुई दिली तर दहा-पंधरा मिनिटं साखळ्या घालते, मग सुई माझ्याकडे सरकवते. तिसऱ्या रांगेतला एक चौकोन मी चुकवला आहे, त्यात एका कोपऱ्यात दोनच खांब आहेत. तो उसवून नीट करायला ती मला अजून सांगते. या रविवारी करणार आहे.

तुम्हीही या रविवारी दोन कामं करा. ती पिशवी खाली काढा. आणि ज्यांची ती पिशवी आहे, त्यांचे दोन्ही तळहात उजेडात धरून एकदा नीट पाहा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासणी आणि औषधं आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यावीत.)